आयसाईट ओके म्हणणारे गुरुपादप्पा

औशाच्या बसस्टँडसमोर छत्रीखाली तयार चष्मे विकणारे गुरुपादप्पा नजरेचं इंग्रजी गिऱ्हाइकांकडूनच शिकले. 'आयविटनेस' वकिलाच्या कारकुनानं दिला, 'ब्लाइंड स्पॉट' ट्रकवाल्यानं. चष्म्यासोबत एक शब्द फुकट, तोही अर्थासकट.

"हाइंडसाईट म्हंजे बैल गेला अन् झोपा केला. साईटसीइंग म्हंजे किल्ला बघायला यायचं अन् भज्याच्या गाड्यावर थांबायचं."

मी मोतीबिंदूची शिबिरं घेतो. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, पण माणसं जीपमध्ये कोंबून लातूरला नेणं मला जमतं. अप्पा माझा भोंगा. "कॅटरॅक्ट हाय तुला, गुमान जा," म्हणत त्यांनी अर्धा बाजार माझ्याकडे धाडला. यंदा मात्र अप्पाच चष्मे चाचपून देऊ लागले. दूरच्याला जवळचा, जवळच्याला दूरचा.

"अप्पा, उद्याच्या जीपमध्ये तुम्ही बसायचं."

"आयसाईट ओके हाय आपली."

"मग माझ्या शर्टाचा रंग सांगा."

"तुझ्या शर्टाला रंग होता कधी?"

माझं डोकं फिरलं. "मोतीबिंदू पिकून फुटला तर डोळा जाईल, हे तुम्हीच लोकांना सांगता ना? मग?"

अप्पांनी इकडंतिकडं पाहिलं, आवाज खाली आणला. "आंधळ्याकडून चष्मा कोण घेतंय रे?"

अस्सं! डोळा गेला तरी चालेल, बाजारातली पत राहिली पाहिजे. मी तणतणत निघालो.

सकाळी तरीही जीप त्यांच्या दारात उभी केली. अप्पा पूजेला बसले होते. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि नजर त्यावर खिळवायची, हा त्यांच्या लिंगायत घरचा रोजचा नेम. अप्पांनी बेलाचं पान वाहिलं. ते लिंगावर न पडता मनगटावर पडलं. अप्पा मात्र डोळे रोखून तसेच ताठ. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोनं, शरणम्माकाकूंनी, पान अलगद उचललं आणि लिंगावर ठेवलं.

अप्पांना बोटं जाणवली. "कधीपासून करायलीस हे?"

"दसऱ्यापासून."

"बोलली न्हाईस ते?"

"बाजारात काय सांगता ते तुमचं तुम्ही बघा. इथं कुणाला फसवायलात?"

मी तोंड उघडलं तसे काकूंनी डोळे वटारले.

अप्पांनी पूजा पुरी केली, लिंग पुन्हा गळ्यात घातलं, टोपी चढवली आणि ड्रायव्हरशेजारची सीट पकडली. "चल. आन् वाटेत भाषण न्हाई पायजे."

भाषण त्यांनीच केलं, लातूर येईपर्यंत. जीपमधल्या सगळ्यांना कॅटरॅक्ट समजावून सांगितला.

ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी मोकळं केलं, तसे अप्पा काळा चष्मा लावून पुन्हा छत्रीखाली हजर. आधी माल न्याहाळला आणि डबा घेऊन आलेल्या काकूंवर उखडले, "हे चष्मे हायत का चुलीवरचे तवे? केवढी धूळ!"

"पुसायला घेतले की म्हणायचात, राहू दे, टिंटेड ग्लास हाय."

चहाच्या टपरीवर हशा पिकला. तेवढ्यात आडतीवरच्या वीरेशनं मोठ्यानं विचारलं, "अप्पा, डोळ्याला काय झालं हो?"



"कॅटरॅक्ट," अप्पा सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असे बोलले. "काढून टाकला." मग वीरेशची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, डोळे न्याहाळले आणि मला हाक मारली, "याच्या बापालाबी पुढच्या जीपमध्ये घाल. परवा रस्त्यात मी समजून खांबालाच रामराम घालत होता!"