जामसांवलीचं एक नंबरचं बिल

गेल्या सोमवारी पांढुर्ण्याच्या दुकानात एकटीने बसून मी पहिलं ऑनलाइन बिल काढलं...

आमचं दुकान वह्या, रजिस्टर, खडू आणि वर्गात पोरांना बसायच्या टाटपट्ट्यांचं. सौंसरच्या एका सरकारी ऑफिसला शाळांसाठी माल जातो. बिलं हे लिहायचे, खाली कार्बन ठेवून, आणि मी शिक्का मारायची.

ह्यांना जाऊन दहा महिने झाले. उरलेलं वर्ष मी त्यांच्याच बिलबुकावर काढलं. अर्ध्या बुकात त्यांचं अक्षर, अर्ध्यात माझं... पण या एप्रिलपासून ऑफिसला कागदाचं बिल चालत नाही.

माझं शिक्षण आठवी. पुढचं सगळं वाचन पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतल्या पुस्तकांवर झालं. ऑनलाइन बिलाची माहितीही तशीच बसून वाचली. हिंदीत होती, एकेक पायरी वहीत उतरवून घेतली.

सोमवारी दुपारी बारा वाजता बटण दाबलं. चौकोनी कोड आला, लांबलचक नंबर आला... मी सवयीने मागे वळून म्हणाले, "झालं हो." मागे टाटपट्ट्यांचा गठ्ठा होता.

एक गोष्ट मात्र दिवसभर टोचत राहिली. ह्यांचा एक रिवाज होता. एप्रिलात नवं बिलबुक उघडलं की एक नंबरचं बिल कोणत्याच गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. त्यावर लिहायचं, 'श्री हनुमानजी, जामसांवली. नारळ एक.' रकमेच्या जागी आडवी रेघ. मग स्कूटरवर आम्ही दोघं जामसांवलीला जायचो, नारळासोबत ते बिल देवापुढे ठेवायचो. धंद्याची बिलं दोन नंबरपासून.

आता कंप्युटर गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर टाकल्याशिवाय पुढे सरकत नाही. देवाचा कुठून आणू? पुण्याहून मुलगी फोनवर म्हणाली, "आई, सिस्टममध्ये असलं काही चालत नसते. एकपासून सुरू कर अन् मोकळी हो." तिचं काही चुकलं नाही. मी एक नंबर ऑफिसला दिला... आणि रात्री जेवले नाही.

मंगळवारी अकराच्या सुमारास सौंसरच्या ऑफिसातल्या बाबूंचा फोन आला. बिलं तपासतात ते. मला वाटलं, परत केलं बिल.

"वहिनी, तुमचं बिल पाहून राहिलो. एक नंबरचं कसं काय आलं हो?"

"चुकलं का काही?"

"बिल बरोबर आहे. पण बारा वर्षं झाली मले या टेबलावर, तुमच्या दुकानाचं एक नंबर आम्हाले कधी भेटलंच नाही ना. पहिल्या वर्षी मी भाऊले टोकलं होतं, आमच्याहून मोठं गिऱ्हाईक कोण पकडलं म्हणून. तर म्हणे, जामसांवलीचं आहे, उधारी ठेवत नाही."

मी वही जवळ ओढली.

पुढे म्हणाले, "मी अजून पास नाही केलं. म्हटलं, आधी वहिनीले विचारावं. एक नंबरच राहू देऊ का?"

वहीत मी लिहिलेलं होतं... बिल चोवीस तासांच्या आत रद्द करता येतं, नंतर नाही. घड्याळात अकरा वीस. मी म्हणाले, "पास करू नका. दुसरं पाठवते."

"घाई नका करू. नाही जमलं तर हेच चालवून घेऊ," म्हणाले.

रद्द करताना कारण विचारतात. यादी येते, डुप्लिकेट, एन्ट्रीत चूक, ऑर्डर रद्द, इतर. मी 'इतर' घेतलं. खालच्या चौकोनात कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, 'हा नंबर आधीच दिलेला होता.' अकरा चाळीसला ते रद्द झालं.

मग भीती वाटली, रिकामा झालेला एक नंबर पुन्हा कोणत्या गिऱ्हाइकाला तर जाणार नाही? मुद्दाम टाकून पाहिला. कंप्युटरने घेतला नाही. एकदा रद्द झालेला नंबर पुन्हा कोणालाच देता येत नाही... हे मी वहीत लिहून घेतलं होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा कळला.

दोन नंबरचं बिल ऑफिसच्या नावाने काढलं. बाबूंचा मेसेज आला, "आता बरोबर."

शनिवारी बसने जामसांवलीला गेले. सौंसरला उतरून पुढे ऑटो. पहिल्यांदाच एकटी. पर्समध्ये एक नंबरचं छापलेलं बिल होतं, वर तिरपा रद्दचा शिक्का. त्यात माल आणि नाव ऑफिसचंच होतं, म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने लिहिलं, 'नारळ एक.' खाली आडवी रेघ. रेघ ह्यांच्यासारखी सरळ नाही आली.

पुजाऱ्यांनी कागद न वाचताच नारळासोबत देवापुढे ठेवला. दरवर्षी असंच ठेवायचे. मी थोडा वेळ खांबाला टेकून बसले. बाजूला एका माणसाची जागा सोडून बसले होते, हे उठताना लक्षात आलं.

ह्यांच्या सवयी आता माझ्या एकटीलाच माहीत आहेत, असं धरून मी दहा महिने काढले. माझ्यासोबत त्याही जातील, असं वाटायचं. तर सौंसरला एका टेबलावर अजून एक माणूस निघाला, आणि मी चुकले तेव्हा ह्यांच्या बाजूने बोलला.

शनिवारी ऑफिस बंद होतं. बाबूंचा अर्धा नारळ चौकीदाराजवळ ठेवून आले. बाबू फेसबुकवर नाहीत. त्यांच्या ओळखीचं कोणी हे वाचत असेल, तर त्यांना एवढं वाचून दाखवा.