मधल्या माणसाचे दोन पट

सत्तरच्या दशकात मी नागपूरजवळच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंग क्लार्क होतो. दक्षिणेचा माल आमच्याकडे उतरायचा आणि उत्तरेच्या ट्रकवर चढायचा. भिवापूरच्या मिरचीची पोती हलवताना हमाल असे शिंकायचे, की अमरावती रोडवरच्या सायकली पायडल न मारता पुढे जायच्या. गोदामाचा नियम एकच. पोत्याची शिवण उसवायची नाही, आलं तसं पुढे. गोदामात मी हा नियम कधी मोडला नाही. घरी मोडला.

घर म्हणजे गोदामामागच्या भाड्याच्या दोन खोल्या. त्यातल्या एकीत माझा हौशी वायरलेसचा सेट होता. परवाना रीतसर सरकारी, सेट मात्र लष्करी भंगारातून उचललेला. त्याच्या तापलेल्या व्हॉल्व्हवर आमच्याकडे पापड भाजत, असं मी लोकांना सांगत असे. बायको नाही म्हणते. तिची स्मरणशक्ती पहिल्यापासून कमजोर.

हवेतली जागा कुणाच्या बापाची नसते. आम्हा हौशी लोकांना लघुलहरींवर एक अरुंद बोळ दिलेला होता, आणि त्यातही शेजारच्या परदेशी रेडिओ केंद्रांनी पाय पसरले की आपणच उठून थोडं सरकायचं. आपसातली रीत अशी, की आधी कान आणि मग तोंड. "जागा रिकामी आहे का?" असं विचारायचं, थांबायचं, पुन्हा विचारायचं. दुसरा बोलत असेल तर माइकची कळ दाबायची नाही, कारण दोघं एकदम बोलले की दोघांचंही बोलणं वाया. लग्नात भटजीच्या आधी मंगलाष्टक सुरू करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ही रीत म्हणजे शिक्षाच.

वेळेचाही प्रश्न होता. शेजारी वेल्डिंगचं दुकान. तिथे ठिणगी उडाली की माझ्या सेटमध्ये शेंगदाणे भाजल्यासारखा आवाज. मी तक्रार घेऊन गेलो, तर वेल्डिंगवाला म्हणाला, "तुमी साडेबाराले बोलत जा भाऊ. मी तवा जेवून राहतो." झाला करार. माझीही जेवणाची सुट्टी तीच.

त्या अर्ध्या तासात दोन माणसं भेटायची. एक मद्रासकडचा निवृत्त रेल्वे तारमास्तर. दुसरा डेहराडूनच्या वरच्या डोंगरातला शाळामास्तर, दरीत पडून कंबर मोडलेला, त्यामुळे खाट हेच त्याचं जग. भरदुपारी त्या दोघांना एकमेकांचा आवाज पोचत नसे. मी बरोबर मधोमध, मला दोघांचाही पोचायचा. सांगताना मात्र ज्याला सांगायचं त्याच्याच दिशेची एरियलची तार जोडायचो, त्यामुळे एकाला सांगितलेलं दुसऱ्याला ऐकू जात नसे. दोघांनाही बुद्धिबळाचं वेड. म्हणून तारमास्तर आपली चाल मला सांगायचा, मी ती डोंगरात पोचवायचो, आणि डोंगराची चाल खाली. बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चाले. इथे ते माझ्या मराठीत सांगतोय, म्हणजे त्यालाही माझा हात लागलाच.

एका हिवाळ्यात डोंगरातला मास्तर हरायला लागला. एकदा चाल सांगून झाल्यावर म्हणाला, "हा डाव गेला तर सेट विकून टाकतो. खाटेवर पडून हरण्यात काय मजा?" चाल मी खाली पोचवली, आणि हेही इमानदारीनं पुढे सांगावं की नाही याचा विचार करत होतो, तेवढ्यात दक्षिणेकडून आलं, "हत्ती सातव्या ओळीत. राजाला शह."

मी कळ दाबली आणि डोंगराला सांगितलं, "प्यादं पुढे."

चूल फुंकता फुंकता बायकोनं विचारलं, "काहून जी, तो एवढं लांबलचक बोलला, अन् तुमी दोनच शब्द काहून सांगितले?" इंग्रजी तिला येत नव्हतं. मोजता मात्र येत होतं.

"त्याले बोलायची सवय आहे," मी म्हणालो.

"अन् तुमाले नाही?"

मास्तरची दया आली, असं मी पुढे अनेकांना सांगितलं. पण एक टोक गेलं की मधल्या माणसाचं काय उरतं, ही भीतीही त्यात होती. गोदामात मला कुणी विचारत नव्हतं. साडेबाराला मात्र दोन टोकांची माणसं माझ्या कळीवर टेकलेली असायची.

आता तारमास्तरचा तो हत्ती मास्तरच्या पटावर मूळ घरात आणि तारमास्तरच्या स्वतःच्या पटावर सातव्या ओळीत. तेव्हा मी घरी दोन पट मांडले. खाटेखालच्या पटावर तारमास्तर माझ्याशी खेळायचा, खिडकीतल्या पटावर मास्तर माझ्याशी. दोघांना वाटे, समोर दुसरा आहे. गोदामातल्या बिल्ट्यांच्या, म्हणजे मालाच्या पावत्यांच्या, मागे मी चाली लिहून काढायचो, तरी माझी अक्कल बेताची, त्यामुळे दोन्ही आघाड्यांवर एकाच वेळी हरत होतो. एवढ्या मोठ्या देशात दोन टोकांकडून एकदम मार खाणारा खेळाडू माझ्याशिवाय झाला नसेल. पण दोघंही खुशीत. मास्तरचा आवाज तर दहा वर्षांनी लहान झाला होता.

मग एक दुपार अशी आली की ऊन मवाळ होतं, आणि आकाशानं आपला स्वभाव बदलला. असं क्वचित होतं. मी सेट लावला, तर तारमास्तर आणि मास्तर थेट एकमेकांशी बोलत होते.

"वाईट वाटून घेऊ नका," तारमास्तर सांगत होता. "हरताना चांगले लढलात."

"मी? हरताय तर तुम्ही."

"माझा हत्ती सातव्या ओळीत आहे."

"तुमचा हत्ती अजून घरातून निघालेला नाही."

माझा सेट दोघांपेक्षा जोरकस होता. कळ दाबून नुसती शिट्टी घातली असती तरी दोघांचे आवाज बुडाले असते, आणि उद्या आकाश पुन्हा बंद. बोट कळीवर होतं. पण माणसं बोलत होती. मी बोट उचललं. ते एक एक चाल मागे जात राहिले आणि शेवटी त्या प्याद्यापाशी येऊन थांबले.

"नागपूर ऐकतंय का?" तारमास्तरनं विचारलं.

"ऐकतंय." मग मी सगळं सांगितलं. अलंकार न लावता. तो अनुभव मला नवीन होता.

तारमास्तर म्हणाला, "मी जन्मभर लोकांच्या तारा पाठवल्या. मरणाच्यासुद्धा. एक अक्षर बदललं नाही." मास्तरनं सेट बंद केला. त्याच्या जागी नुसती खरखर.

दुसऱ्या दिवशी आकाश बंद झालं. तारमास्तर रोज साडेबाराला डोंगराला हाका मारायचा. मला विचारायचा नाही. उत्तर येत नव्हतं. मी समजलो, सेट विकला गेला.

दोनेक आठवड्यांनी डोंगराचा आवाज आला, बारीक. तो दक्षिणेला हाका मारत होता आणि दक्षिण त्याला. दोघंही बहिऱ्यासारखे, आणि दोघांचं ऐकणारा मी एकटा.

"सांगा ना त्यायले," बायको म्हणाली.

"मले कोणी विचारलं नाही."

"मंग तुमी विचारा."

काय विचारणार? नव्या माणसानं विचारावं तेच विचारलं. "जागा रिकामी आहे का?"

थांबलो, पुन्हा विचारलं. मग मास्तर म्हणाला, "रिकामी आहे. त्याला सांग, जुना डाव तिथूनच मांडलाय. हत्तीचा शह पोचला. मी राजा एक घर डावीकडे सरकवतो. आणि शब्दाला शब्द सांग."

मी सांगितलं. शेवटचं "आणि शब्दाला शब्द सांग" हेसुद्धा सांगितलं.

पाच दिवसांत मास्तर हरला. मात तारमास्तरनं दिली, पोचवली मी. त्या एका शब्दाआधी मी घसा साफ केला, एवढीच काय ती भर.

डोंगरावर खरखर होती. शेजारी वेल्डिंगवाल्यानं जेवण उरकून ताट घासायला घेतलं होतं, म्हणजे एक वाजायला आला होता.

"नवा डाव," मास्तर म्हणाला. "पांढरी माझी."

"नवा डाव," मी दक्षिणेला सांगितलं. "पांढरी माझी."