सरकलेली विहीर

नोकरीतले चोर-दरोडेखोर मी बरेचसे विसरलो. एक रिकामा खड्डा मात्र अजून डोळ्यांसमोरून हटत नाही. आष्टी तालुक्यातल्या मुरमाड रानातला. नावं कुणाचीच देणार नाही, कारण त्यातली बहुतेक माणसं अजून हयात आहेत.

मेंढरं राखणारा एक विशीतला तरुण बेपत्ता असल्याची नोंद आमच्या ठाण्यात होती. मेंढरं सांजेला वाड्यावर परत आली, तो आला नाही. 'पुण्याला पळाला असेल' म्हणून गावानं हात झटकले. त्याची आई मात्र दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात यायची. "माजं लेकरू जित्तं हाय का न्हाई, येवडंच सांगा सायेब," एवढंच विचारायची. तक्रार नाही, रडणं नाही. मोठमोठ्या पुढाऱ्यांना मी तोंडावर उत्तरं दिली आहेत, या बाईपुढे मात्र फाईल चाळत बसायचो.

पुढं कडा गावच्या एका जीपवाल्यानं खबर दिली. एक शेतकरी दारूच्या नशेत बरळला होता, 'कांद्यात मेंढरं घालणाऱ्याला म्या कायमचं निजवलं.' दारूतलं बोलणं पुरावा होत नाही, पण वाट दाखवतं. त्याला आणून बसवलं. गुन्ह्याचं मी काढलंच नाही, कांद्याचं विचारलं. आपलं नुकसान सांगायला माणसाला कधीच कंटाळा येत नाही. सांगता सांगता तो तापला आणि आपणहून काठीपर्यंत आला.

"एकच घातली सायेब. जीव घ्यायचा न्हवता. पर पडला त्यो उठलाच न्हाई."

प्रेत त्यानं रानातल्या कोरड्या, झुडपांनी झाकलेल्या जुन्या विहिरीत टाकलं होतं. वरून दगड लोटले. उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी मिळून जेसीबीनं सगळं रान सपाट केलं, त्यात विहीरही बुजली.

अटक दाखवून, पंच घेऊन आम्ही रानात गेलो. तो इकडून तिकडं फिरत राहिला. "हितंच व्हती कुठंतरी हीर."

"कुठंतरी म्हंजी कुठं बे?" आमचे हवालदार खेकसले.

माझा अनुभव असा, की फसवणारा आरोपी लगेच बोट दाखवतो. हा खरोखर चुकला होता. बांध गेले, बाभळी गेल्या, रान तव्यासारखं सपाट झालेलं. आणि पोलिसांपुढची नुसती कबुली कोर्टात टिकत नाही. विहीर सापडणं भाग होतं.

जुन्या भूजल पाहणीच्या एका नकाशावर त्या शिवारातल्या विहिरी अक्षांश-रेखांशासह नोंदलेल्या मिळाल्या. नकाशांची खासगी कामं करणाऱ्या एका सर्व्हेअरला बोलावलं. त्यानं त्या रानातल्या विहिरीचे आकडे संगणकावरच्या नकाशात भरले, पडद्यावर लाल ठिपका उमटला. ठिपक्याच्या जागी तहसीलदारांसमोर खोदायला सुरुवात केली. डोंगर पोखरून निदान उंदीर तरी निघतो, इथं कोऱ्या मुरमाशिवाय काही निघालं नाही. ती जमीन कधी कुणी उकरलीच नव्हती.

आई कडेला उभी होती. खड्डा रिकामा आहे हे तिच्या लक्षात आलं तशी ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिनं ठाण्यात गूळ वाटला. पहाऱ्यावरच्या शिपायालाही दिला. "जित्तं हाय माजं लेकरू. कुठंबी असू दे." मी म्हणालो, "मावशी, तपास अजून संपला नाही." तिनं माझ्याही हातावर खडा ठेवला. तिकडं आरोपीनंही रंग बदलला. मारून वदवून घेतलं, असं तो म्हणू लागला. दोघांनाही एकाच खड्ड्यानं हिंमत दिली होती.

मला चैन पडेना. साक्षीदार खरा की खोटा हे पाहायचं तर आपल्याला पक्की ठाऊक असलेली गोष्ट त्याला विचारावी, ही पोलिसाची जुनी रीत. मी सर्व्हेअरला म्हणालो, "त्याच नकाशातली गावची पाण्याची विहीर दाखव. ती तर जाग्यावर आहे ना?" त्यानं आकडे भरले. गावची विहीर एका उसाच्या फडात पडली.

तो पडद्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "साहेब, आकडे बरोबर आहेत, पाया वेगळा आहे." जुन्या पाहणीत पृथ्वीचा जो आकार आणि जो आरंभ धरला होता, तो आजच्या उपग्रहाच्या मोजणीत नाही. जुन्या बांधापासून मोजलेलं अंतर नव्या बांधापासून टाकलं तर खुंटी भलत्याच्या शेतात रोवली जाणार, तसा हा प्रकार. सॉफ्टवेअरला आधी सांगावं लागतं की हे आकडे जुन्या पद्धतीचे आहेत, आता नव्यात बदलून दे. तसं करताच गावची विहीर बरोबर गावच्या विहिरीवर बसली. आमचा लाल ठिपकाही वायव्येला, दोन शेतं ओलांडून सरकला.

खरं सांगतो, आनंद झाला. त्या आईची आठवण नंतर आली.

नव्या जागी थोडं खोदताच दगडी कडं लागलं. खाली तो होता. कमरेचा करदोटा आईनं ओळखला. पुढं डीएनए तपासणीतही तेच आलं. ती पंचनामा आटोपल्यावर माझ्याजवळ आली. "पैल्यांदा तिकडं कावून खांदलं सायेब?"

घरच्यांना कळायलाच हवं, म्हणून मी साध्या शब्दांत सांगितलं, की मशिनीत जुने आकडे होते, ते बदलून घेतले, म्हणून जागा सरकली.

तिनं हात जोडले. "मंग परत सरकवा की तिकडंच. तितं न्हवता त्यो."

मी पंचनाम्याचे कागद पुन्हा चाळू लागलो.

आरोपीला शिक्षा झाली. मलाही वरिष्ठांकडून शाबासकी मिळाली. आकडा हातात आला की तो कुठून मोजलाय हे आधी विचारायचं, हा धडा मी पुढं प्रत्येक नव्या फौजदाराला दिला. दुसरा धडा कुणाला दिला नाही. प्रेत सापडलं की घरचे सुटतात, असं आम्ही पोलीस नेहमी म्हणतो. ते आमच्या सोयीचं आहे. खरं शोधणं माझं काम होतं, ते मी केलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. पण ते मी तिच्यासाठी केलं, असं मात्र आता म्हणत नाही.