धुऱ्यावरची दैवशालाबाई

आमच्या गावात कुणाला धुरा जाळायचा असला की तो आधी काडेपेटी शोधत नाही, दैवशालाबाईंना शोधतो. बाई म्हणजे माझी थोरली जाऊ. वय बावन्न, उंची बेताची, आवाज मात्र थेट पाझर तलावापर्यंत पोचणारा. मी अंगणवाडीत असते. तिथं तीस पोरांचा कालवा चाललेला असतो, पण त्यातूनही बाईंचा आवाज आला की मी ओळखते, कुणीतरी भलत्या वेळी आग लावली आहे.

टेंभुर्णीपासून पुढं डोंगराच्या अंगाला आमचं गाव. पाऊस आला तर आला. दोन शेतांमधल्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो. पावसाळ्यात त्यावर मांडीपर्यंत गवत माजतं आणि चैत्रात वाळून कडकडीत होतं. पेरणीआधी ते जाळायची जुनी रीत. रीत म्हणजे काय, तर एक काडी ओढायची, गवतानं पेट घेतला की घरी जेवायला निघून जायचं. पुढच्या वाटेला आग आपोआप विझते, ही सगळ्यांची पक्की समजूत. नाही विझली तर खापर फोडायला वारा आहेच.

सहा वर्षांपूर्वी बाईंनी हेच केलं. भर दुपारी धुरा पेटवला आणि घरी आल्या. मीच त्यांना भाकरी आणि पिठलं वाढलं. दुसरी भाकरी घेईस्तोवर शेताकडून ओरडा सुरू झाला. वावटळ उठली होती, आणि धुऱ्यापलीकडच्या बद्रीनाथ भाऊजींच्या कडब्याच्या गंजीनं पेट घेतला होता. गंजीजवळ त्यांच्या जोडीतला एक बैल बांधलेला होता. तो गेला.

बद्रीनाथ भाऊजी आमच्या भावकीतले, माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. त्यांनी पोलिसात तक्रार केली नाही, चार माणसं बसवली नाहीत, साधी शिवीही दिली नाही. फक्त बोलणं टाकलं. बाईंनी आमच्यातला गाडीभर कडबा पाठवला, तो त्यांनी दारातून परत फिरवला. एरवी हा माणूस सकाळी रस्त्यानं जाताना ‘वहिनी’ अशी हाक मारल्याशिवाय पुढं जायचा नाही. आता समोरासमोर आले तरी लिंबाच्या झाडाकडं बघत निघून जायचे. मला त्यांचा भारी राग यायचा. बाईंना यायचा नाही. बाई म्हणायच्या, त्यांचं बराबर आहे.

त्याच उन्हाळ्यात बाईंनी हे राखणीचं खूळ डोक्यात घेतलं. कुठं धूर दिसला की ओलं पोतं आणि पाण्याचा कॅन घेऊन हजर. सकाळी दव असताना जाळा, कडेचं गवत आधी खरडून घ्या, आग पुरती विझेपर्यंत जागचं हलायचं नाही. बापे लोक आधी हसले. कुणी ‘आली फायर ब्रिगेड’ म्हणायचं, कुणी म्हणायचं, बाईला घरी कामधंदा नाही. घरी काम होतं, ते मी करत होते. कितीदा तव्यावरची भाकरी तशीच टाकून बाई पळाल्या, आणि करपलेली भाकरी माझ्या वाट्याला आली. एकदा तर लग्नाच्या पंगतीतून उठून त्यांनी धुरा पेटता टाकून जेवायला आलेल्या सरपंचांच्या सासऱ्याला झाडलं होतं. म्हातारा तेव्हापासून बाई दिसल्या की विडीसुद्धा विझवतो.

पुढच्या हिवाळ्यात बाई वनविभागाच्या रोजंदारीवर डोंगरात गेल्या. तिथं आग लागायच्या आधीच गवताचा लांब पट्टा मुद्दाम जाळून ठेवतात, म्हणजे उन्हाळ्यातली आग तिथवर येते आणि खायला काही न मिळाल्यानं थांबते. त्याला जाळपट्टा म्हणतात. बाई महिनाभर राबल्या आणि सगळं नीट शिकून आल्या. मग हळदीकुंकवाला जाळपट्टा, बचत गटात जाळपट्टा, दळणाला गेल्या तरी जाळपट्टा. माझे कान किटले. एवढं शिकूनही काडी मात्र त्या हातात धरत नव्हत्या. डोंगरातही त्या खरडायच्या, झोडपायच्या, आग लावायचं काम दुसऱ्याकडं. घरची चूलसुद्धा मलाच पेटवायला लावायच्या.

यंदाचं साल आधीच वाईट होतं. मागच्या पावसानं दगा दिलेला, बोअर माघातच आटलेले. बद्रीनाथ भाऊजींची मोसंबीची बाग आहे, दोनशे झाडांची. मागच्या मोठ्या दुष्काळात निम्म्या गावानं बागांवर कुऱ्हाड चालवली, पण भाऊजींनी विकतच्या टँकरवर ही झाडं जगवली होती. यंदाही ते दिवसरात्र बागेतच. ओल टिकावी म्हणून त्यांनी प्रत्येक आळ्यात सोयाबीनचं भुस्कट जाड अंथरलं होतं. झाडासाठी ते उत्तम, पण एक ठिणगी पडली तर दोनशे झाडांखाली दोनशे चुली.

वैशाखातल्या एका दुपारी गायरानावर कुणीतरी आग लावली. गवत जाळलं की नवीन गवत जोमानं येतं, ही आमच्याकडची आणखी एक समजूत. कोण ते अजून कळलेलं नाही, आणि कळलं तर बाईंच्या आधी मीच त्याला धरणार आहे. आग डोंगरावरून खाली उतरू लागली, आणि वारा नेमका बागेकडं वाहत होता. तालुक्याहून बंब यायला तास तरी लागणार होता. गाव धावलं. कुणाच्या पाठीवर फवारणीचे पंप, कुणाच्या हातात पोती, लिंबाचे डहाळे. मीही अंगणवाडी मदतनिसांवर सोपवून पळाले.

गायरान आणि बाग यांच्या मधे भाऊजींची पडीक जमीन होती, वाळल्या गवतानं भरलेली. पडीक संपली की गाडीवाट, आणि वाटेला लागून बागेची पहिली ओळ. ज्वाळा माणसापेक्षा उंच होत्या. बाईंनी एकवार वाऱ्याकडं पाहिलं, गवताकडं पाहिलं आणि सरळ बद्रीनाथ भाऊजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

“भाऊजी, पोत्यानं ही आग थांबणार न्हाई,” त्या म्हणाल्या. “मला तुमची पडीक जाळू द्या, गाडीवाटेच्या कडंनं. ती हळूहळू वर सरकंल. आग आगीला भिडली की दोन्ही विझत्यात.”

ज्या बाईच्या आगीत ह्या माणसाचा बैल गेला, तीच आता त्याच्या बागेशेजारी आग लावायची परवानगी मागत होती. एक ठिणगी वाट ओलांडून पडली असती तर आमच्या घराला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती, आणि बाईंनी तर जीवच दिला असता. हे मी उगाच म्हणत नाही, त्यांना मी ओळखते.

भाऊजींनी बागेकडं पाहिलं. धूर आता पहिल्या ओळीत शिरला होता.

“वहिनी, लावा,” ते म्हणाले.

सहा वर्षांनी काडी हातात धरलेल्या बाईंकडून पहिल्या दोन काड्या मोडल्या. तिसरी लागली. मग मात्र आवाज फुटला. पंपवाले गाडीवाटेवर दहा-दहा पावलांवर उभे करा, बायांनो, बागेकडं तोंड करून ठिणग्या बघा, आगीकडं कुणी बघू नका. वाटेच्या कडेचं गवत वाऱ्याच्या उलट दिशेनं सावकाश जळत वर निघालं. तिकडून मोठी आग खाली येत होती. एकदा ठिणग्यांचा झोत वाट ओलांडून आत पडला आणि दोन झाडांखालचं भुस्कट भडकलं. मी आणि भाऊजींची बायको उषाबाई पोती घेऊन तुटून पडलो. माझ्या हाताला फोड आले, उषाबाईंचा पदर जळला, पण तिसऱ्या झाडापर्यंत आम्ही आग जाऊ दिली नाही. तेवढ्यात वरच्या बाजूला दोन्ही आगी भिडल्या, एकदम उंच उसळल्या आणि खाली बसल्या.

दोन झाडं गेली, एकशे अठ्ठ्याण्णव राहिली. बंब आला, राखेवर पाणी मारून परत गेला.

ऊन कलल्यावर लोक पांगले. बाई गाडीवाटेवर बसून होत्या, मी शेजारी. बद्रीनाथ भाऊजी आले आणि थोडं अंतर सोडून बसले. मग ते आमच्याकडं न बघताच बोलू लागले.

“बैलाचं एक सांगायचं राह्यलं. त्या दिवशी मी पळत आल्तो तवा आग गंजीच्या पल्याड होती. दावं सोडता आलं असतं. मी भ्यालो न् मागं फिरलो. ही गोष्ट उषालाबी म्हाईत न्हाई. तुमच्यावर राग धरला की सोताकडं बघावं लागत न्हवतं, म्हणून सहा वर्सं धरून राह्यलो.”

मला वाटलं, आता तरी ह्यांच्या छातीवरचा दगड उतरेल, आता तरी म्हणतील की बघा, चूक माझी एकटीची नव्हती. पण बाई त्यातल्या नव्हेत.

“मीबी भ्यालेच असते, भाऊजी. पण काडी मीच लावल्ती. ती मी कुणावर ढकलणार न्हाई.”

“मंग निम्मं निम्मं घेऊ,” भाऊजी म्हणाले.

बाईंनी मान हलवली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर मोठ्यानं रडल्या. भाऊजी उठले, पडलेलं एक पोतं उचलून बाईंच्या कॅनमधल्या पाण्यानं भिजवलं आणि पडीक जमिनीच्या ज्या कोपऱ्यात अजून धूर निघत होता तिकडं चालू लागले.