बिनचढाचे किल्ले

माझे सासरे मे महिन्यात आमच्याकडे जर्मनीत आखनला आले ते एकटेच. सासूबाईंच्या आईची तब्येत बरी नव्हती, म्हणून सासूबाई पुण्यातच थांबल्या. ‘तुम्ही जाऊन या, माझ्यासाठी अडू नका,’ असं म्हणत त्यांनीच बाबांची बॅग भरली. माझा नवरा तेव्हा वोल्फ्सबुर्गच्या एका प्रोजेक्टवर होता आणि एकाआड एक शनिवार-रविवार घरी यायचा. म्हणजे अडीच महिने घरात मी आणि बाबा. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण त्यांच्याशी एकटीनं सलग दहा मिनिटं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. ‘चहा ठेवू का?’ ‘ठेव.’ ‘जेवलात का?’ ‘हो.’ एवढ्यावर आमचं भागायचं.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी कालवे, मोऱ्या आणि धरणाच्या दारांवर गेली. सुट्टी मिळाली की ते किल्ल्यावर. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, किती वेळा गेले याचा त्यांनाच पत्ता नव्हता. मग साठीनंतर गुडघे गेले. डॉक्टरांनी दोन्ही बदलायला सांगितलं, त्यावर बाबा म्हणाले, ‘दुसऱ्याचे गुडघे घेऊन मी कुठे जाणार?’ त्यानंतर घरात तो विषय कुणी काढला नाही. त्यांचे बूट माळ्यावर गेले आणि किल्ल्यांबद्दल ते बोलेनासे झाले.

पहिला आठवडा त्यांनी बाल्कनीत काढला. मी ऑफिसातून येईपर्यंत खालून गेलेल्या बसचे नंबर त्यांना पाठ झालेले असायचे. शुक्रवारी मीच धीर करून विचारलं, ‘बाबा, उद्या किल्ला बघायला जायचं का? पलीकडे हॉलंडमध्ये बरेच आहेत.’

त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं.

‘चढायला लागत नाही,’ मी घाईनं म्हणाले. ‘सपाटीवरच आहेत.’

‘चढ नाही, मग तो किल्ला कसला?’ ते म्हणाले. पण सकाळी साडेसातला इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते.

आमच्या इथून माआस्ट्रिख्टला जाणारी बस सुटते. बाबांनी पासपोर्ट शर्टाच्या खिशात ठेवला होता आणि दर दोन मिनिटांनी ते चाचपून पाहत होते. दुकानांच्या पाट्या बदललेल्या दिसल्यावर त्यांनी विचारलं, ‘सरहद्द कधी येणार?’

‘मागे गेली, बाबा.’

‘कुणी काही विचारलं नाही?’

‘नाही विचारत.’

त्यांनी मान वळवून मागच्या काचेतून बराच वेळ पाहिलं. पासपोर्ट मात्र दिवसभर खिशातच राहिला.

पहिला किल्ला पाहून त्यांचं तोंड उतरलं. हिरव्यागार कुरणात चौकोनी तळं, तळ्याच्या मधोमध पिवळसर दगडाची इमारत, चार कोपऱ्यांना चार बुरूज आणि आत जायला छोटासा पूल. ‘हा तर कुणा श्रीमंताचा बंगला आहे,’ बाबा म्हणाले. भिंतीच्या दगडावर त्यांनी नख ओढलं तर पांढरी रेघ उमटली. ‘आणि दगडही मऊ. आपला काळा पाषाण असता तर माझं नख तुटलं असतं.’ मी ओशाळले, जणू तो किल्ला मीच बांधला होता.

पण पुलावर ते थबकले. वाकून खंदकाच्या पाण्याकडे पाहत राहिले आणि विचारलं, ‘हे पाणी कुठून येतं? आणि जातं कुठे?’

मी मेकॅनिकल इंजिनिअर. गाड्यांच्या ब्रेकवर काम करते. मला सांगता येईना.

‘साचलेलं असतं तर वास आला असता,’ ते म्हणाले. ‘कुठेतरी दार आहे. चल, शोधू.’

आणि आम्ही किल्ला आतून न बघता त्याच्याभोवती फिरलो. सावकाश, बाकड्या-बाकड्यावर टेकत. ओढ्याचं पाणी आत घेणारी मोरी सापडली तेव्हा बाबा म्हणाले, ‘हं.’ इतकंच, पण त्या आठवड्यातला तो सगळ्यात समाधानी आवाज होता.

मग ते दर शनिवारचंच झालं. डब्यात पोळीभाजीच्या गुंडाळ्या, थर्मासमध्ये चहा. कधी ओळखीच्यांकडून गाडी मागून घ्यायची, कधी बस. नवरा एकदा आमच्याबरोबर आला आणि दुपारभर खंदकाच्या मोऱ्या पाहून झाल्यावर म्हणाला, ‘पुढच्या वेळी तुम्ही दोघंच जा.’ बाबा किल्ल्यावरून सासूबाईंना माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावायचे. त्या म्हणायच्या, ‘अहो, एवढ्या खिडक्या! पुसतं कोण?’ बाबा गंभीरपणे म्हणायचे, ‘गेनाऊ.’ हा एक जर्मन शब्द त्यांनी उचलला होता, ‘अगदी बरोबर’ या अर्थाचा, आणि तो ते कुठेही वापरायचे.

जुलैच्या सुरुवातीला आम्ही एका लहान किल्ल्यावर गेलो. तिथे खंदकाला लागून जुनी पाणचक्की होती. बाबांना बाकावर बसवून मी आत जायची तिकिटं काढायला गेले. रांग होती. परत आले तर बाक रिकामा. पिशवी तिथेच, थर्मास तिथेच, बाबा नाहीत. फोन ते घरी चार्जिंगला विसरले होते.

आधी मी शांतपणे पाहिलं. बाग, पूल, स्वच्छतागृह. मग तिकीट देणाऱ्या बाईंना जर्मनमध्ये विचारलं, राखाडी टोपी घातलेले वयस्कर गृहस्थ दिसले का? त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि त्यांची नजर नकळत पाण्याकडे गेली. काठावर कुठेही कठडा नव्हता. मी खंदकाच्या कडेनं अक्षरशः पळत सुटले आणि पळता पळता नवऱ्याला काय सांगायचं याची वाक्यं जुळवू लागले.

बाबा पाणचक्कीच्या मागे सापडले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायरीवर उभे, हातात लांब दांड्याचं दाताळं. शेजारी रबरी बूट घातलेला एक उंच म्हातारा, त्याच्याही हातात तसलंच दाताळं. दोघं मिळून लोखंडी जाळीत अडकलेलं शेवाळ ओढत होते.

‘बाबा!’ मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. ‘अहो, सांगून तरी जायचं! मी कुठे कुठे शोधलं तुम्हाला!’

त्यांनी खाली पाहिलं. ‘एका बाजूचं पाणी वीतभर चढलेलं दिसलं. म्हटलं, जाळी तुंबली असणार. बघायला आलो, तर हा एकटाच ओढत होता.’

मी पायरीवरच बसले. त्या म्हाताऱ्यानं मला पाहिलं, बाबांना पाहिलं आणि जर्मनमध्ये म्हणाला, ‘रागावू नका. फार चांगलं काम करतात. मला काही सांगावंच लागलं नाही.’ सरहद्दीवरच्या बऱ्याच लोकांसारखं त्यालाही जर्मन येत होतं. दर शनिवारी तो इथे येऊन पाण्याची दारं बघायचा, हौस म्हणून.

बाबा पायरी चढायला लागले आणि अर्ध्यात अडकले. म्हाताऱ्यानं हात देऊन वर घेतलं. मग स्वतःची पँट जरा वर करून दोन्ही गुडघ्यांवरचे उभे व्रण दाखवले. ‘दोन्ही नवीन,’ तो म्हणाला. ‘मी एक्याऐंशी वर्षांचा आहे.’

मी भाषांतर केलं. बाबा त्या व्रणांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘विचार त्याला, मांडी घालून बसता येतं का?’

मांडीला जर्मनमध्ये काय म्हणायचं हे न सुचून मी जमिनीवर बसून दाखवलं. तो मोठ्यांदा हसला. ‘असं मला कधीच जमत नव्हतं! गुडघे चांगले होते तेव्हाही नाही.’

‘विचार, उतरताना दुखतं का.’

नाही, पण पहिले तीन महिने वाईट गेले, त्यानं सांगितलं.

बाबा थोडा वेळ दाताळ्याच्या दांड्याशी चाळा करत राहिले. ‘विचार,’ ते हळूच म्हणाले, ‘भीती वाटली होती का.’

मी विचारलं.

‘हो, हो,’ म्हातारा म्हणाला. ‘पहिल्या वेळी हॉस्पिटलच्या दारातून घरी पळून आलो होतो. बायकोनं परत नेलं.’

परतीच्या बसमध्ये बाबा आपणहून बोलायला लागले. ‘राजगडावरून शेवटचं उतरलो ना, ते बसून बसून, घसरत उतरलो. कॉलेजची पोरं बाजूनं पळत जात होती. “काका, हात देऊ का” म्हणत होती. मी नको नको म्हणत होतो. मुलाला सांगितलं, मस्त झाला ट्रेक.’ मग म्हणाले, ‘ऑपरेशनच्या टेबलावर मेलो तर, हे सारखं डोक्यात येतं. बोलून दाखवता येत नाही.’

मी म्हणाले, ‘बाबा, मघाशी मी ओरडले. तसं बोलायला नको होतं.’

‘का? ओरडायलाच हवं होतं,’ ते म्हणाले. ‘आपल्या घरात माझ्यावर कुणी ओरडतच नाही.’

ऑगस्टमध्ये ते परत गेले. दसऱ्यानंतर सासूबाईंचा फोन आला: ‘अगं, हे स्वतः जाऊन ऑपरेशनची तारीख घेऊन आले! तिकडे काय केलंस काय त्यांना?’ मी दोन आठवड्यांची रजा काढून पुण्याला गेले. उजवा गुडघा आधी झाला. दुसऱ्या दिवशी त्यांना उभं करायला आलेल्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं वॉकर पुढे धरला, तेव्हा घामानं त्यांचा सदरा भिजला होता आणि ते तिच्यावर चक्क ‘थांब गं, घाई करू नकोस’ म्हणून खेकसले. सात पावलं टाकली. मग कॉटवर बसून म्हणाले, ‘आज एवढंच.’

डावा गुडघा अजून व्हायचा आहे. त्याची टाळाटाळ चालू आहे आणि त्यावरून सासूबाई आता रोज ओरडतात. फोन आला की तक्रार मात्र ते माझ्याकडे करतात. कधी कधी अर्धा-अर्धा तास.