आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नसलेलं पुस्तक

या सदरातले अनुभव मी नियमित वाचतो, पण ते हसायला. रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई, पिंपळाखालचा म्हातारा, उलटे पाय… अरे, जरा नवीन काहीतरी आणा! मी गणित शिकवतो. आयुष्यभर शिकवलं. ज्याला उत्तर नाही असं गणित चुकीचं मांडलेलं असतं, एवढंच मला माहीत. भुतं दिसणाऱ्यांना मी झोप पूर्ण करायचा सल्ला देतो आणि देव दिसणाऱ्यांना तर तोही देत नाही. मी ख्रिस्ती आहे, रविवारी चर्चमध्ये मिस्साला जातो, पण चमत्कार वगैरे प्रवचनापुरतं ठीक आहे.

तर ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. आम्ही विरार पूर्वेला मनवेलपाड्यात राहायचो — दुसरा मजला, वन रूम किचन. मी, बायको रीटा आणि माझी आई. मूळ गाव आगाशीच्या पुढे. भातशेती, एक विहीर आणि एकमेकांच्या घरात नाक खुपसणारे शे-दीडशे नातेवाईक. त्या गावात मी नऊ वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. कारण माझा थोरला भाऊ, पास्कूदादा.

बाबा गेले तेव्हा मी नाशिकला शिक्षकांच्या प्रशिक्षणाला होतो. निरोप मिळाला, धावत-पळत निघालो, संध्याकाळी पोचलो तर माती देऊन झालेली! दादा म्हणाला, ‘‘ऊन होतं रे, ठेवता येईना.’’ मला बाबांचं तोंड दिसलं नाही. मी सगळ्यांसमोर दादाला म्हटलं, तुझं तोंडही मला बघायचं नाही. महिन्याची मिस्सा झाल्यावर मी आईला विरारला घेऊन आलो. घेऊन आलो म्हणजे — तिची पिशवी मी उचलली आणि ती मागून आली.

नऊ वर्षांनी डॉक्टरने सांगितलं, आईचं हृदय मोठं झालंय, आता किती दिवस ते सांगता येत नाही. त्याच आठवड्यात मी इथल्या चर्चमध्ये फादरना भेटून आलो आणि घरी जाहीर केलं की आईचं शेवटचं सगळं विरारलाच होईल, गावाला कळवायचंही नाही. आई समोर बसून वाल सोलत होती. तिने मान वर केली नाही. तिला पटलं असं मी समजलो.

आता कॉम्प्युटर. आमच्या इमारतीत पहिला कॉम्प्युटर माझ्याकडे आला, त्यामुळे फादरना वाटलं की मी विद्वान आहे. उपवासकाळात दर शुक्रवारी बायबलवर बोलायचं होतं, विषय ‘कुटुंब’. काम माझ्या गळ्यात पडलं. रीटाचा भाऊ डॉमनिक, राहणार अंधेरी, जगातल्या प्रत्येक गोष्टीतला तज्ज्ञ — तो एक सीडी घेऊन हजर. बायबलच्या अभ्यासाचं सॉफ्टवेअर!

‘‘भावजी, बारा भाषांतरं आहेत यात. एक शब्द टाका, तो कुठे कुठे आलाय सगळं बाहेर. नोट्स पण काढता येतात. फादर लोक वर्षानुवर्षं सेमिनरीत घासतात, ते तुम्ही दोन तासांत कराल.’’

दोन तासांत! दोन तास तर ते इन्स्टॉल व्हायला लागले. पण सोय होती, नाही म्हणत नाही. डावीकडे पुस्तकांची यादी, मधे वचन, उजवीकडे आपली नोट. नोट त्या वचनाला चिकटून राहते. सगळ्या नोट्स एकदम छापल्या की पुस्तकांच्या क्रमाने छापून येतात — वर संदर्भ, मग वचन, खाली आपलं लिखाण. मराठी टायपिंगची बोंब होती म्हणून मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो, दोन बोटांनी.

तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, यादीत पुस्तकं सहासष्ट. आमच्या कॅथलिक बायबलात त्र्याहत्तर. ज्यांनी सॉफ्टवेअर बनवलं त्यांच्या बायबलात आमची सात पुस्तकं नसतातच. कुटुंबावर बोलायचं म्हणून मला नेमकं तोबितचं पुस्तक हवं होतं. आमच्याकडे लग्नाच्या मिस्साला हमखास वाचतात ते. डॉमनिकला फोन केला.

‘‘सात नाहीत तर नाहीत, भावजी. सहासष्ट तरी वाचलीत का?’’

असा हा माणूस. मी तोबितचा नाद सोडला. छापील बायबल कपाटावर होतं, पण घरात कॉम्प्युटर असताना कपाटावर कोण चढतो?

दुसऱ्या शुक्रवारनंतरचा शनिवार. दुपारचे साडेतीन. रीटा समोरच्या शिवणाच्या क्लासला, आई खाटेवर पडलेली. मी सगळ्या नोट्स छापायला लावल्या. माझा प्रिंटर जुना, पिना आपटणारा — कागदाची पट्टी करकरत बाहेर येत होती. मी एकेक पान फाडून क्रमाने लावत होतो. नहेम्याचं पुस्तक झालं. पुढची माझी नोट ईयोबच्या पुस्तकावर होती, ते यायला हवं होतं. आलं तोबित.

तोबित, अध्याय चार, वचन चार. वचनाची जागा कोरी. साहजिकच, पुस्तकच नाही तर वचन कुठून येणार? आणि खाली नोट, इंग्रजी अक्षरांत, आमच्या गावच्या बोलीत —

‘सायमन, आयला माज्यापाशी आन. जागा हाय.’

सायमन मी.

मी चिडलो. घाबरलो नाही, साफ चिडलो. कोणीतरी माझी टिंगल करतंय असं वाटलं. स्क्रीनवर नोट शोधली, यादीत नव्हतीच. पुन्हा छापलं. पुन्हा नहेम्या, तोबित, ईयोब… आमच्या बायबलात तोबित जिथे असतं, बरोबर तिथेच! मग मी स्वतः तोबितवर नोट लिहायचा प्रयत्न केला. ‘असा संदर्भ अस्तित्वात नाही’ अशा अर्थाची पाटी आली आणि मशीनने टुण्णकन आवाज केला. दोन्ही पानं चुरगाळून मी टोपलीत टाकली.

रविवारी डॉमनिकला बोलावलं. आधी त्याचीच उलटतपासणी घेतली. पण त्याला आमची बोली येत नाही. गावच्या लग्नात तो पाहुण्यांसारखा दात काढून उभा असायचा. आणि तोबित म्हटल्यावर त्याने विचारलं, ‘‘हा कोण, तुमच्या गावचा का?’’ त्याच्यासमोर छापलं. पान आलं. त्याने सगळ्या मेनूत जाऊन बघितलं, फाईल उघडून बघितली. पहिल्यांदाच या तज्ज्ञाला डोकं खाजवताना पाहिलं, त्याचा मला आनंदच झाला.

‘‘व्हायरस आहे,’’ शेवटी तो म्हणाला.

‘‘माझं नाव माहीत असलेला?’’

‘‘हल्लीचे व्हायरस फार पुढे गेलेत, भावजी.’’

त्याने सगळं पुसून सॉफ्टवेअर नव्याने टाकलं आणि फ्लॉपीवरून माझ्या नोट्स परत घेतल्या. छापलं. नहेम्या, मग थेट ईयोब. संपलं! व्हायरस तर व्हायरस. मी समाधानाने चहा प्यायलो.

सोमवारी शाळेतून आलो तर आई खाटेवर उठून बसलेली, मांडीवर ते चुरगळलेलं पान. टोपलीतून काढून हाताने सपाट केलेलं. तिला मराठी प्रार्थनेचं पुस्तक वाचता येतं, इंग्रजी अक्षर ओळखत नाही.

‘‘रीटाकडून वाचून घेतला,’’ ती म्हणाली. ‘‘तुजं नाव दिसलं म्हनून तीच मला विचारत होती, हे काय. हे कोनी लिवलं?’’

‘‘कोणी नाही. मशीन बिघडलंय.’’

‘‘मशीनला काय ठावं?’’ आईने पान माझ्यापुढे धरलं. ‘‘तुजे बाबा गेले त्या दिवशी सकाळी हेच बोल्ले. पास्कूला. ‘तुज्या आयला माज्यापाशी आन, एकाच जागी.’ खाटेजवळ मी आन पास्कू, दोगंच होतो.’’

मी कपाटावरून बायबल काढलं. खरंच सांगतो, तोबितच्या चौथ्या अध्यायात काय आहे ते मला तोवर माहीत नव्हतं. लग्नात वाचतात तो भाग वेगळा. इथे मरणाची वाट बघणारा म्हातारा बाप मुलाला बोलावून सांगतो — आईला अंतर देऊ नकोस, आणि ती गेली की तिला माझ्या शेजारी त्याच कबरीत ठेव.

‘‘नऊ वर्षांत मला सांगितलं का नाहीस?’’ मी आईवर ओरडलो. हो, ओरडलो.

‘‘तू पिशवी उचललीस,’’ आई म्हणाली. ‘‘विचारलंस कुटं?’’

मंगळवारी सुट्टी टाकली आणि तिला रिक्षाने गावी नेलं. दादा अंगणात टोपलीचा काठ बांधत होता. केस सगळे पांढरे. मला बघून उठला आणि आईच्या हाताला धरून तिला बसवलं. मी पोलिसासारखे प्रश्न सुरू केले — विरारला कधी आला होतास, कोणाला काही सांगितलंस का, कॉम्प्युटर येतो का?

‘‘मला लाइटबिल वाचायला शेजारी लागतो,’’ तो म्हणाला. ‘‘तू काय विचारतोस तेच कळत नाय.’’

मग ‘जागा हाय’ म्हणजे काय, ते विचारलं. उत्तर द्यायला तो आम्हाला कबरस्तानात घेऊन गेला. आमच्या गावात कबर कायमची नसते. काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्यासाठी खणतात. नवरा-बायको एकत्र हवी असतील तर घरच्या माणसाने दरवर्षी मृतांच्या सणाला फादरना जाऊन सांगावं लागतं, की आमचं माणूस यायचं आहे, थांबा. दादा नऊ वर्षं न चुकता सांगत आला होता. आजूबाजूच्या सगळ्या कबरी नव्या होत्या, बाबांचीच काय ती जुनी. तिच्यावरच्या लाकडी क्रुसाला ताजा रंग होता.

‘‘गेल्या सनाला फादर बोल्ले, यंदा शेवटचं, पुडं जागा ठेवनार नाय,’’ दादा म्हणाला. ‘‘तुला निरोप द्यायचा होता. पन तू दारात उभा केला नसतास.’’

नसताच केला. हे कबूल करायला मला कोणाची भीती नाही.

आईने वाकून कबरीवरची माती हाताने चाचपली. मग म्हणाली, ‘‘जागा बरी हाय.’’ रिक्षावाल्याला मी थांबवून ठेवलं होतं, पण दादाच्या घरी परत आल्यावर ती ओसरीवर बसली ती उठलीच नाही.

‘‘मी आता हितंच ऱ्हाते, सायमन. तू जा. उद्या तुजी शाळा हाय.’’

साडेचार महिन्यांनी ती तिथेच गेली, आणि बाबांच्याच कबरीत आहे.

सॉफ्टवेअर मी पुढे चार वर्षं वापरलं. भरपूर नोट्स काढल्या, उपवासकाळात लोकांना भरपूर पकवलं, ते पान पुन्हा कधी आलं नाही. आता खाली प्रतिक्रियांत लिहिणारे लिहितीलच — तुम्हीच झोपेत टाईप केलं असेल, बायकोने केलं असेल, व्हायरस असेल. रीटाने क्रुसावर हात ठेवून ‘मी नाही केलं’ असं सांगितलंय आणि बाबांचं शेवटचं बोलणं तिलाही माहीत नव्हतं. बाकीचं तुम्ही शोधा. मी शोधून थकलो, माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. आणि ज्या माणसाने नऊ वर्षं ‘मी आईला सांभाळतोय’ असं सगळ्यांना सांगितलं आणि तिला कुठे राहायचंय एवढं एकदाही विचारलं नाही, त्याच्या हुशारीवर तुम्ही तरी कशाला विश्वास ठेवता?