गोळी उपाशीपोटी घ्यायची

दवाखान्यात किस्से कसे साठत जातात ते कळतही नाही. मैत्रिणी म्हणतात, "तुझ्याकडं हसायला लई असतं." असतं खरं, पण आमच्या धाराशिवच्या दवाखान्यात आधी पोटात गोळा येतो आणि हसू आलंच तर मागाहून येतं.

हार्मोन म्हणजे काय, हे मी पेशंटना कुलूप-किल्लीनं सांगायची. हार्मोन ही किल्ली. पेशीवर तिचं कुलूप असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. किल्ली कुलपात बसली तरच आतलं काम सुरू होतं. सोपं आहे ना? मग ऐका.

बेंबळीचे एक आजोबा. इन्सुलिनची किल्ली बसली की दार उघडतं आणि रक्तातली साखर आत जाते, असं मी त्यांना समजावलं. त्यांनी मान डोलावली. पुढं एकदा मुलानं त्यांना उचलूनच आणलं. धाप लागलेली, जीभ कोरडीठाक, साखरेच्या मीटरवर आकडाच नाही, नुसतं 'हाय', म्हणजे मोजण्यापलीकडं! इन्सुलिनची सुई त्यांनी बंद केली होती. शुद्धीवर आल्यावर म्हणाले, "साखर आधीच जास्त. अन् तिला आत घ्याया म्याच दार उघडू व्हय?"

माकणीच्या दोन जावा. थोरलीला थायरॉइडची गोळी सुरू केली, तिला तरतरी आली. ते बघून धाकटीनंही गुपचूप त्याच गोळ्या घ्यायला सुरुवात केली. आली तेव्हा हात थरथरत होते, छातीचे ठोके मोजवत नव्हते. ती म्हणाली, "एकाच घरातल्या हाव की आमी. किल्ली काय येगळी असती?"

तेव्हापासून मी किल्लीचं नाव घेणं सोडलं. सविता नावाची एक पेशंट आली, तिला अगदी साधं सांगितलं. तिचं एकदा पोट पडलं होतं, आता पुन्हा दिवस गेले होते आणि थायरॉइड कमी. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची सगळी भिस्त आईच्या थायरॉइडवर. हे बाळ तरी नीट राहावं, एवढीच आम्हा सगळ्यांची काळजी. "ही गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची," मी म्हटलं.

पुढच्या तपासणीत रिपोर्ट आणखी बिघडलेला. गोळ्यांचं पाकीट पाहिलं तर जवळजवळ भरलेलं. ती फक्त मंगळवारी गोळी घेत होती, कारण उपास मंगळवारचा! मी चिडलेच. रोज घ्यायची, एकही दिवस चुकवायची नाही, बाळाचा प्रश्न आहे, असं बजावून तिला पाठवलं.

या खेपेला रिपोर्ट छान आला. आमच्या सिस्टरनं तो हसत माझ्यापुढं ठेवला आणि सविताला वजनकाट्यावर उभं केलं. काटा बघून सिस्टरचं हसू गेलं. वजन वाढायचं सोडून उतरलं होतं. सविता भिंतीला धरून खाली उतरली. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. जेवतेस ना गं, मी विचारलं.

"जेवते की, दिवस मावळल्यावर," ती म्हणाली. "आता रोजच उपास धरलाय, मॅडम. बाळासाठी तेवढं जमतंय."